कोल्हापूर स्टँडजवळच्या साध्या लॉजमध्ये आईसोबत एक रात्र

आईला अंबाबाईची काकड आरती बघायची होती, खूप वर्षांपासून म्हणत होती आणि दरवेळी काही ना काही निघायचं, शेवटी गेल्या महिन्यात म्हटलं आता नाही तर कधी नाही, तिकिटं काढली आणि निघालो. आईचं वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, ऑपरेशन नको म्हणते, काठी घेऊन चालते पण जिना म्हटलं की तिच्या कपाळावर आठ्या येतात. आम्ही दोघीच होतो. बजेट साधं होतं, एका रात्रीसाठी तीन-चार हजार घालवायची तयारी नव्हती आणि गरजही वाटत नव्हती, झोपायचं चार-पाच तास आणि दुपारी थोडी पाठ टेकायची एवढंच. त्यामुळे स्टँडच्या परिसरात एक साधा नॉन एसी लॉज घेतला, ११०० रुपये. त्याचाच हा रिव्ह्यू. लॉजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या गल्ल्यांमध्ये असे लॉज ओळीने आहेत आणि जे चांगलं-वाईट मला दिसलं ते बऱ्याच ठिकाणी दिसेल, तुम्ही कुठेही उतरलात तरी उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय. विशेषतः ज्यांना म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचंय त्यांनी वाचा, कारण नेटवर जे रिव्ह्यू असतात ते सगळे तरुण पोरांचे असतात, "रूम ओके, लोकेशन मस्त, पैसा वसूल", त्यात जिन्याला किती पायऱ्या आहेत हे एकजणही लिहीत नाही.

आधी जागेबद्दल. कोल्हापुरात स्वस्तात राहायचं तर दोनच भाग, एक मंदिराच्या आजूबाजूला म्हणजे महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप, आणि दुसरा सीबीएस म्हणजे मध्यवर्ती स्टँड आणि रेल्वे स्टेशनचा परिसर. मंदिराजवळ राहिलं तर चालत दर्शन होतं हे खरं, पण तिथे गर्दी असली की गाडी आत जात नाही, बिंदू चौकात किंवा कुठेतरी लांबच उतरावं लागतं आणि सामान घेऊन त्या गर्दीतून चालायचं, आईसाठी ते जमणारं नव्हतं. आम्ही कोयना एक्सप्रेसने गेलो, ती दिवसभर चालून रात्री आठच्या पुढे कोल्हापूरला लागते, त्या दिवशी तासभर लेट होती, मग रात्री साडेनऊला त्या गर्दीच्या भागात शिरण्यापेक्षा स्टेशनसमोरच झोपावं आणि पहाटे रिक्षाने मंदिरात जावं हे मला बरं वाटलं. पहाटे रस्ते मोकळे असतात, दहा मिनिटं सुद्धा लागत नाहीत. हा निर्णय बरोबर ठरला, परत जाईन तेव्हाही हेच करेन.

आता लॉज. मी निघायच्या चार दिवस आधी फोन केला होता आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारल्या होत्या, लिफ्ट आहे का, वेस्टर्न संडास आहे का आणि पहाटे चारला गरम पाणी मिळेल का. तिन्हीला "हो हो मॅडम, सगळं आहे" असं उत्तर मिळालं. बुकिंग अ‍ॅपवर हाच लॉज १३५० अधिक टॅक्स दाखवत होता म्हणून मी फोनवरच ११०० ला पक्कं केलं आणि २०० रुपये आगाऊ पाठवले.

पोचल्यावर लिफ्ट बघितली. लिफ्ट होती, पण तिच्या आत गाद्या रचून ठेवलेल्या, चार-पाच उभ्या गाद्या आणि एक मोडकी खुर्ची. म्हणजे ती महिने न् महिने चालली नसणार. मला खरंच राग आला, कारण बारा तासांचा रेल्वेचा प्रवास करून आलेली बाई दारात काठी टेकून उभी आणि तिला मी चार दिवस सांगत होते की लिफ्ट आहे, काळजी करू नको. हे खोटं बोलणं मला माफ करता येत नाही. फोनवर "लिफ्ट बंद आहे ताई" एवढं सांगितलं असतं तर मी दुसरं ठिकाण बघितलं असतं, नाहीतर आधीच खालची रूम ठेवायला लावली असती. तुम्हीही फोनवर "लिफ्ट आहे का" असं विचारू नका, "आज लिफ्ट चालू आहे का" असं विचारा, आणि त्याहून चांगलं म्हणजे तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर वेस्टर्नवाली रूम लिहून मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज घ्या.

रात्रपाळीला काउंटरवर एक साठीच्या आसपासचे काका होते. फोनवर बोललेला माणूस वेगळा, तो दिवसाचा. काकांना मी सगळं सांगितलं, आवाज थोडा चढलाच होता, त्यांनी वाद घातला नाही की फोनवाल्याची बाजू घेतली नाही, सरळ म्हणाले, "चुकलं ताई, तसं सांगाया नको हुतं. आक्कांना बसू द्या आधी." खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. मग म्हणाले खाली एक रूम रिकामी आहे, ती देतो, वर चढवू नका. आम्ही ती बघितली. लहान होती, काउंटरला लागूनच, पण स्वच्छ होती. अडचण एकच, तिथला संडास इंडियन. आणि आईला आता खाली बसताच येत नाही, बसली तर उठता येत नाही. म्हणजे जिना नको तर संडास नाही आणि संडास हवा तर जिना. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ही पंचाईत बरोबर कळेल, बाहेरगावी जाताना आमची झोप, जेवण, देवदर्शन सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं आणि कुठल्याच लॉजच्या जाहिरातीत ती लिहिलेली नसते. टीव्ही आहे, वायफाय आहे असं लिहितात.

पहिल्या मजल्यावर वेस्टर्न होता. पायऱ्या मी मोजल्या, अठरा, मध्ये एक वळण. कठडा एकाच बाजूला, पण मजबूत. आईच म्हणाली चढते मी हळूहळू. काकांनी रूमबॉयला हाक मारली, त्या पोराने एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि आमच्या पुढे जाऊन वळणावर ठेवली. आई नऊ पायऱ्या चढली, त्या खुर्चीवर बसली, दोन-तीन मिनिटं दम घेतला, मग उरलेल्या नऊ. ती खुर्ची त्याने दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत वळणावरच ठेवली, आम्ही काही सांगितलं नव्हतं. लिफ्टचं खोटं आणि ही खुर्ची दोन्ही एकाच लॉजमधलं आहे आणि दोन्ही मी लिहिणार.

रजिस्टरचं सांगते, ते महत्त्वाचं आहे. भिंतीवर पाटी होती "चेक आऊट २४ तास". स्वस्त लॉज बघताना मी भाड्याच्या आधी हे बघते. कारण हिशोब करा, आम्ही रात्री ९:४० ला आत गेलो. दुपारी १२ चा चेकआऊट असता तर आम्हाला रूम जेमतेम चौदा तास मिळाली असती, त्यातले तीन-चार तास मंदिरात, आणि नंतर रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसपर्यंत आईला घेऊन मी कुठे बसणार होते, प्लॅटफॉर्मवर? २४ तासांचा असल्यामुळे दर्शन करून आल्यावर ती दुपारभर आडवी झाली, गुडघ्यांना तेल लावलं, संध्याकाळी पावणेआठला आरामात निघालो. शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील पण परतीची गाडी रात्रीची असेल तर २४ तासवालाच घ्या. फक्त रजिस्टरमध्ये वेळ स्वतः बघा. रूमबॉयने आमची वेळ ८ लिहिली होती, बहुतेक आधीच्या ओळीची बघून, मी तिथेच ९:४० करून घेतली आणि रजिस्टरच्या त्या ओळीचा फोटो काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो फोटो कामाला आला, ते पुढे सांगते.

ओळखपत्राची झेरॉक्स मागतात, द्यावी लागते, त्यात काही गैर नाही. पण आधारची पूर्ण नंबर दिसणारी झेरॉक्स त्या जाड फायलीत कायमची पडून राहते, कोण बघतं कोण नाही. आधारच्या साइटवर मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, मी त्याच्या दोन प्रिंट घरून नेल्या होत्या, काकांनी काही न बोलता घेतल्या. "बरोबर जेन्ट्स कोण न्हाईत का" असं मात्र त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही, आम्ही दोघीच. त्यावर पुढे काही चौकशी नाही, "मी हितंच हाय रात्रभर, काय लागलं तर खाली हाक मारा" एवढंच. प्रश्न मला आवडला नाही पण माणूस वाईट हेतूने विचारत नव्हता हे कळत होतं.

रूम. दोन लोखंडी कॉट जोडून ठेवलेल्या, एक टेबल, एक आरसा, भिंतीतलं कपाट, पंखा, ट्यूब. रंग जुना पण पोपडे नव्हते. मी कुठेही गेले तरी आधी सामान कॉटवर ठेवत नाही, खुर्चीवर किंवा बाथरूमच्या कोरड्या भागात ठेवते आणि मोबाइलचा टॉर्च लावून गादीच्या शिवणी बघते, चारही कोपरे उचलून, मग कॉटचे सांधे. शिवणीत काळे बारीक ठिपके दिसले की ढेकूण आहेत समजायचं आणि रूम बदलून मागायची, नाहीतर ते बॅगेतून घरी येतात आणि मग काढता काढता जीव जातो. इथे ठिपके नव्हते. चादर मात्र वापरलेली होती, उशीच्या अभ्र्यावर केस दिसले. खाली हाक मारली, पोराने धुतलेली चादर आणि दोन अभ्रे आणले, साबणाचा वास येत होता, घडीच्या खुणा दिसत होत्या. मागितल्यावर दिली हे चांगलं, पण मागावी लागली हे चांगलं नाही. जो माणूस मागणार नाही, खेड्यातून आलेला, पहिल्यांदा लॉजमध्ये उतरलेला, तो बिचारा त्या केसांवरच झोपणार. ११०० रुपयांत धुतलेली चादर हा त्याचा हक्क आहे, त्यासाठी भांडता आलं पाहिजे असं असू नये.

ब्लँकेट मी वापरत नाही. ते जाड करड्या रंगाचे जे असतात ते वर्षातून कितीवेळा धुतात कोण जाणे. आमच्याकडे घरची सोलापुरी चादर होती, आईने तीच अंगावर घेतली. ती बॅगेत जागा खाते पण दरवेळी नेल्याचं समाधान होतं.

दाराची आतली कडी बघितली तर तिचे दोन स्क्रू ढिले होते. वरची बोल्टची कडी घट्ट होती म्हणून रूम बदलली नाही, पण टेबल दाराला लावून ठेवलं. दोघी बायका असताना मी हे बघतेच, कडी, खिडकीचा आतून लागणारा खटका, बाथरूमच्या व्हेंटिलेटरला जाळी आहे का. जाळी होती. कॉरिडॉरमधला दिवा रात्रभर चालू होता, रात्री आई दोनदा उठली आणि मी दोन्ही वेळा दार थोडं उघडून बाहेर बघितलं, खाली काउंटरवर काका जागे होते, पेपर वाचत. ते बघून मला झोप लागली. लोक सीसीटीव्ही आहे का विचारतात, असावा, पण रात्री जागं असलेलं माणूस आणि पेटलेला दिवा याची बरोबरी कॅमेरा करत नाही असं मला वाटतं.

आवाज. हा सगळ्यात मोठा तोटा. आमची रूम रस्त्याच्या बाजूला होती आणि स्टँड जवळ असल्यामुळे एसटीचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका, गाडी मागे घेताना कंडक्टरची शिट्टी हे सगळं रात्री साडेबारापर्यंत चालू होतं. मग थोडं शांत झालं आणि पहाटे तीननंतर परत पहिल्या गाड्या. आईला कमी ऐकू येतं त्यामुळे ती झोपली, मला तुटक झोप लागली. खिडकी लावली तर उकडतं, उघडली तर डास आणि आवाज. डासांसाठी कॉइल मागितली तर मिळाली, पण आईला धुराने खोकला येतो म्हणून लावली नाही, आम्ही ओडोमॉस लावून झोपलो. स्टँडजवळ राहताना मागच्या बाजूची रूम मागा हे मी आता डोक्यात पक्कं ठेवलंय.

बाथरूम. वेस्टर्न कमोड व्यवस्थित, फ्लश चालू, पाण्याचा जोर बरा. धरायला दांडा नव्हता, कुठल्याच स्वस्त लॉजमध्ये नसतो, पण वॉश बेसिन हाताच्या अंतरावर होतं आणि ते भिंतीत पक्कं बसवलेलं होतं, मी आधी स्वतः जोर देऊन बघितलं, मग आईला सांगितलं याला धर. फरशी गुळगुळीत होती, ओली झाली की घसरणार. मी घरून एक रबरी मॅट नेते, गुंडाळली की बाटलीएवढी होते, ती टाकली. माझी लॉजवाल्यांना कळकळीची विनंती आहे, एक दांडा बसवायला हजार रुपयेही लागत नाहीत. कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, या गावांना येणारी अर्धी माणसं साठीच्या पुढची दिसतात. एका तरी रूमला दांडा बसवा, एक तरी वेस्टर्न तळमजल्यावर करा आणि पाटीवर लिहा, लोक तुमचं नाव घेऊन येतील.

गरम पाणी. रूममध्ये १५ लिटरचा गिझर होता पण बटण दाबलं तर लाल दिवाच लागेना. कळलं की मेन स्विच खाली काउंटरजवळ आहे आणि गरम पाण्याची वेळ सकाळी ६ ते ९. म्हणजे फोनवरचं तिसरं "हो" पण अर्धंच खरं. काकड आरतीला मंदिर पहाटे साडेचारच्या सुमाराला उघडतं, त्याआधी अंघोळ करून पोचायचं तर साडेतीनला पाणी हवं. मी खाली जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी वेळ विचारली आणि रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीने आमच्या रूमचा नंबर आणि ३:३० असं लिहून ठेवलं. मला खात्री नव्हती, मी अलार्म लावला आणि मनात म्हटलं गार पाण्याने करू काहीतरी. पहाटे बरोबर साडेतीनला दारावर हळूच टकटक, "ताई, तीनलाच सुरू केलाय गिझर, पानी तापलंय." म्हणजे तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात हे त्यांनी स्वतः धरलं होतं. १५ लिटरच्या गिझरमधून गार पाणी मिसळून एक मोठी बादली आणि वर दोन-चार तांबे निघतात, आईची अंघोळ नीट झाली, मग परत वीस मिनिटं थांबून माझी. तिला गार पाण्याने अंघोळ करावी लागली असती तर दिवसभर सांधे आखडले असते आणि आरतीला उभं राहणं दूरच.

रिक्षाही काकांनीच बोलावली होती. पहाटेचं कोल्हापूर, थंडी, रस्ते ओले, दसरा चौकातून गेलो, शाहू महाराजांचा पुतळा दिसला आणि आईने रिक्षा हळू घ्यायला सांगितली. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, या चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहून शिकले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, जागा दिल्या, पैसे दिले, कारण खेड्यातला पोरगा शहरात शिकायला आला तर त्याला राहायला जागा आणि दोन घास मिळाले तरच तो टिकणार हे त्यांना कळलं होतं. आई सांगत होती की आजोबा म्हणायचे, मी पुस्तकांमुळे नाही, त्या बोर्डिंगातल्या सतरंजीमुळे शिकलो. परगावी आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा देणं हे या गावाचं जुनं काम आहे, आणि म्हणूनच मला लिफ्टचं खोटं जास्त लागलं आणि काकांचं वागणं जास्त भिडलं.

आरतीबद्दल इथे फार लिहीत नाही, ते लिहून होण्यासारखं नाही. आई खांबाला टेकून उभी होती आणि रडत होती. एक माहिती मात्र देते, बरेच लोक किरणोत्सवासाठी जातात, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट देवीपर्यंत येतात तो, तो ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी आणि ९, १०, ११ नोव्हेंबरला असतो आणि संध्याकाळी असतो. त्यासाठी जाणार असाल तर तुमचं वेळापत्रक उलटं होईल, दुपारी पोचणारी गाडी बघा आणि रूम बऱ्याच आधी धरा.

जेवणाचं थोडक्यात, लॉजला स्वतःचं हॉटेल नाही. रात्री दहाला जवळच एका ठिकाणाहून अख्खा मसूर आणि रोटी पार्सल आणलं, दुसऱ्या दिवशी दर्शन म्हणून तांबडा-पांढरा नको म्हणाली आई. मसूर झणझणीत होता, तिने दही मिसळून खाल्लं. सकाळी येताना मिसळ खाल्ली, इकडे ती ब्रेडबरोबर देतात, पाव मागितला तर मिळेलच असं नाही. चहा रूमवर मिळाला, १५ रुपयांना, चांगला होता.

आता दुपारची गोष्ट. सव्वाबाराला दारावर जोरात थापा. आई नुकती झोपली होती. दिवसाचा मॅनेजर आला होता, तरुण मुलगा, म्हणाला बारा वाजले, रूम खाली करा नाहीतर अर्ध्या दिवसाचे ५५० द्या. मी म्हटलं भाऊ, खाली पाटी २४ तासांची आहे. तो म्हणाला ती जुनी पाटी आहे. मग मी त्याला रजिस्टरचा फोटो दाखवला, वेळ ९:४०, आणि म्हटलं पाटी जुनी असेल तर काढून टाका, जोपर्यंत भिंतीवर आहे तोपर्यंत मी तीच मानणार. दोन-तीन मिनिटं बोलाचाली झाली, मग गेला. आई जागी झाली होती, मला म्हणाली दे ना त्याला पैसे, कशाला वाद. पण ५५० रुपये काही थोडे नाहीत आणि रोज किती जणांकडून असे घेत असतील. रेल्वेला अजून आठ तास होते.

बिलाच्या वेळी दुसरा मुद्दा निघाला. त्याने साध्या पावतीवर ११०० लिहिलं आणि खाली जीएसटी १२ टक्के म्हणून १३२ रुपये लावले. मी विचारलं जीएसटी नंबर कुठे आहे पावतीवर, तर नव्हता. इथे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं सांगते, २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या रूमला ५ टक्के जीएसटी आहे, १२ टक्के हा आधीचा दर. त्याआधी १८ जुलै २०२२ पर्यंत तर दिवसाला हजारापर्यंतच्या रूमला जीएसटी नव्हताच, त्या तारखेपासून तो लावला गेला. आणि ज्या लॉजचं जीएसटी रजिस्ट्रेशनच नाही, लहान धंदा आहे म्हणून, त्याला गिऱ्हाइकाकडून हा टॅक्स घेताच येत नाही. नंबर असलेलं पक्कं बिल द्या, मी ५ टक्के आनंदाने देते असं म्हटलं. त्याने १३२ खोडले. आगाऊ दिलेले २०० वजा करून ९०० दिले आणि पावती घेतली. मला त्या मुलाला कमी दाखवायचं नव्हतं, कदाचित मालकाने जे सांगितलं तेच तो करत असेल, पण दिवसा असा आणि रात्री काकांसारखा, एकाच काउंटरवर दोन वेगळी लॉज असल्यासारखं वाटलं.

एवढं सगळं होऊन परत उतरेन का? हो, उतरेन, कारण आईच्या दृष्टीने रात्र नीट गेली, ढेकूण नव्हते, संडास नीट होता, अंघोळीला वेळेवर गरम पाणी मिळालं, आणि ज्याने रूम सांभाळायची तो रात्रभर जागा होता. ११०० मध्ये यापेक्षा जास्त मी मागत नाही, फक्त खरं बोलणं मागते. पाचपैकी साडेतीन देते, अर्धा त्या वळणावरच्या खुर्चीचा आहे. लिफ्ट चालू असती किंवा नाही म्हणून आधी सांगितलं असतं तर चार दिले असते.

निघताना पावणेआठ वाजले होते, काकांची पाळी नुकती सुरू होत होती. त्यांनी आईची बॅग रिक्षात ठेवली, आरती नीट झाली का विचारलं. आईने त्यांना प्रसादातला एक लाडू दिला. मी म्हटलं काका, रूम चांगली होती पण रस्त्याच्या आवाजाने झोप नाही झाली. तर म्हणाले, "फुडच्या बारीला १०४ मागून घ्या, दिवसा न्हाई, रात्री आठनंतर फोन करा, मी असतो. पायऱ्या तेवढ्याच, संडास तसलाच, पर खिडकी मागं उघडती."